नऊ मेंढरांचं घोंगडं

ब्लँकेट हातात पडायच्या आधी सत्यभामाला तीन वेळा उभं केलं. पहिल्यांदा उन्हाकडं तोंड झालं म्हणून, दुसऱ्यांदा मागचा बॅनर दिसंना म्हणून, आणि तिसऱ्यांदा आण्णासाहेबांचे डोळे मिटले म्हणून.

"वैनी, जरा हसा की," गोरोबा मोबाईल डोळ्यासमोर धरून म्हणाला. गोरोबा म्हणजे गावचे पुढारी आण्णासाहेब, त्यांचा माणूस. त्यांची गाडी चालवायचा, त्यांचे फोटो काढायचा, त्यांच्या आधी गावात पोचायचा.

सत्यभामा हसली नाही. प्लास्टिकच्या पिशवीतल्या ब्लँकेटाला चार हात लागले होते. एक आण्णासाहेबांचा, दोन कुठल्या तरी पुढाऱ्यांचे आणि एक तिचा. तिघांनी सोडल्यावर सगळं ओझं तिच्या एका हातावर आलं. तेही फार नव्हतं.

बोरी नदीचं पाणी हिपळेवाडीत शिरलं त्याला दहा दिवस झाले होते. पाणी तीन तासच थांबलं, पण सत्यभामाच्या पत्र्याच्या घरात छातीएवढं चढलं. वाकळा गेल्या, सासऱ्यांच्या वेळची दोन घोंगडी गेली. वाड्यातल्या बावीस मेंढरांतली तेरा गेली, नऊ उरली. आणि काठावरलं दीड एकर रान होतं, त्याच्यावर नदीनं वाळू आणि मुंडक्याएवढे गोटे आणून टाकले. नवरा बलभीम त्या रानाकडं रोज जायचा, बांधावर उकिडवा बसायचा आणि परत यायचा.

घरी सासू नागूबाई भिंतीला टेकून बसली होती. खालची जमीन अजून ओलीच. त्यावर पोतं, पोत्यावर ती. सत्यभामानं पिशवी फाडली. ब्लँकेट गुलाबी होतं, त्यावर ताटाएवढी फुलं.

"मऊ हाय गं," नागूबाई हात फिरवत म्हणाली.

दोन रात्री ते मऊच होतं. तिसऱ्या दिवशी नागूबाईच्या ओठांवर, पापण्यांवर, पदरावर गुलाबी कुसं दिसायला लागली. आधीच छाती भरलेली, त्यात खोकल्याची उबळ आली की म्हातारी अर्धी उठून बसायची. अंगावरचं ब्लँकेट ओल धरायचं आणि सकाळी ओल्या कुत्र्यासारखा वास मारायचं. चौथ्या दिवशी सत्यभामानं ते हापशावर नेऊन धुतलं. पिळायला गेली तर मधलं फूल हातात आलं. आत चिंध्यांचा भुगा होता. कुणाच्या तरी जुन्या स्वेटरचे, चादरींचे, कशाकशाचे तुकडे दळून केलेला भुगा.

हापशावरच्या बाया बघत राहिल्या. एकजण म्हणाली, "आमचं बी आसंच निघालंय. आमी धुतलंच न्हाय."

सत्यभामानं तो ओला गोळा घमेल्यात घातला आणि सरळ आण्णासाहेबांच्या घराकडं निघाली.

आण्णासाहेब ओट्यावर खुर्चीत बसून चहा पीत होते. चार माणसं खाली बसली होती. त्यांत बलभीमही होता. ती त्याला दिसली तसं त्यानं मान खाली घातली.

सत्यभामानं घमेलं ओट्यावर ठेवलं. पाणी फरशीवरून वाहत खुर्चीपर्यंत गेलं.

"बघा हे."

"काय हाय?"

"तुमी दिलेलं ब्लँकेट. सासूच्या छातीत बसलं निम्मं. निम्मं हे उरलं."

आण्णासाहेबांनी पाय वर घेतले. रागावले नाहीत. हसले. "वैनी, फुकटचं होतं ते. फुकटच्या ब्लँकेटाला धुवायचं कशाला?"

खाली बसलेली चारही माणसं हसली. बलभीमही हसला. आवाज निघाला नाही त्याचा, पण ओठ हलले. सत्यभामाला ते दिसलं.

घरी आल्यावर तो तिच्या अंगावर आला. "तुला काय गरज होती तिथं यायची? रानातलं गोटं काढायला त्यांचा जेशीबी लागतोय मला. हरभऱ्याचा तरी पेरा साधंल म्हून म्या आठ दिवस त्यांच्या दारात बसतोय, आन् तू घमेलं घिऊन आलीस?"

"तुमी हसला."

"सगळे हसले म्हून..."

"तुमची माय खोकतीया आन् तुमी हसला."

बलभीमनं पायताण घातलं आणि बाहेर गेला.

गुरुवारी सत्यभामा बाजाराला गेली. एका दुकानात दोरीवर काळी, करडी घोंगडी टांगलेली होती आणि वर पाटी होती, अस्सल हातमाग. तिनं एक खाली घेतलं. हलकं लागलं. काठाची दशी दोन बोटांत चोळली. गुळगुळीत. टोचत नव्हती.

"लोकर कुठली ही?"

"खात्रीचा माल हाय मावशी. बिनघोर न्या."

"म्या इचारलं लोकर कुठली."

दुकानदारानं तिच्या पायांकडं पाहिलं. फाटकी चप्पल, चिखलानं भेगाळलेल्या टाचा. "लोकर म्हंजे लोकर. मेंढराची."

सत्यभामानं दशीतला एक धागा तोडला. शेजारी चहाची टपरी होती. ती तिथं गेली, स्टोव्हच्या जाळावर धागा धरला. धागा आक्रसला, त्याचा काळा टणक मणी झाला आणि प्लास्टिकचा वास आला. तिनं स्वतःच्या कपाळावरचा एक केस उपटला आणि तोही जाळावर धरला. चहावाल्याला म्हणाली, "वास घ्या. लोकर जळली की आसा वास येतो. केसावानी. आन् राख हुती, मणी हुत न्हाय."

चहावाला वाकून वास घ्यायला लागला. दोन गिऱ्हाईकंही वाकली. तोवर दुकानदार धावत आला. "माल खराब करती व्हय गं? घ्यायचं न्हाय तर हात कशाला लावती? निघ!"

"पाटी काढ," सत्यभामा म्हणाली. "मंग निघते."

पाटी निघाली नाही. तिला मात्र दंडाला धरून रस्त्यावर आणलं. पदर खांद्यावरून सरकला, तो तिनं सावरला. घरापर्यंतच्या चार कोसांत तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. दाढा मात्र दुखायला लागल्या, इतक्या तिनं त्या आवळून धरल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी तिनं मेंढरं कातरायला घेतली. पूर्वी लोकरीला व्यापारी यायचा. आता कुणी येत नव्हतं. गावोगावचे मेंढके लोकर कातरून ओढ्यात टाकायचे. नऊ मेंढरांची लोकर एका घोंगड्याला पुरणार नव्हती म्हणून ती पलीकडच्या मेंढक्यांच्या वाडग्यांवर फिरली आणि लोक टाकून देणार होते ती काळी लोकर पोत्यात भरून आणली. दोन कोकरांचं जावळही उतरवलं. पहिल्या कातरणीची ती लोकर इतकी मऊ असते की हातात घेतली तरी घेतल्यासारखी वाटत नाही.

लोकर घेऊन ती सरहद्दीकडच्या गावात महालिंगप्पाकडं गेली. महालिंगप्पा सत्तरीचा विणकर. घरात कानडी बोलायचा, बाहेर मराठी. त्याच्या मागाच्या खड्ड्यात कांदे भरून ठेवले होते.

"माग बंद हाय अक्का. सात वर्सं झाली," तो म्हणाला. "पोरं म्हणतात, अप्पा, कोण घेतो? खरं हाय. कुणी घेत न्हाय."

"म्या घेते."

"बाजारात सोप्पं मिळतं की."

"बाजार बघून आले."

त्यानं पोत्यात हात घातला. लोकर ओढली, उजेडात धरली, नाकाला लावली. मग म्हणाला, "सूत कोण काढणार? माझी बायको गेली. यंत्राचं सूत मी लावणार न्हाय."

"सासू काढंल. म्या काढीन."

"बारीक पायजे. सारखं पायजे. गाठी आल्या तर परत पाठवीन. अन् मजुरीला एक कोकरू."

"देते."

सव्वा महिना दोघी सूत काढत होत्या. लोकर उन्हात घालायची, काटेकुटे, लेंड्या निवडायच्या, बोटांनी पिंजायची. नागूबाई मांडी उघडी टाकून बसायची, टकळी मांडीवर घासून सोडायची आणि टकळी हवेत गरगरत राहायची. पहिले चार दिवस तिची बोटं चुकली. मग तिच्या हातांना आठवलं. मांडीची कातडी सोलली, तिथं तिनं हळद आणि तेल लावलं आणि दुसरी मांडी पुढं केली. खोकला आला की टकळी थांबायची, उबळ गेली की परत फिरायची.

"आत्याबाई, पडा जरा."

"पडून काय करू? थंडी आली दाराशी. पांघरायला पोतंच हाय अजून."

सत्यभामा सकाळी मेंढरं चारायला न्यायची. चालता चालता टकळी फिरवायची. दुपारी रानात जाऊन गोटे उचलायची. नखं तुटली. तुटलेल्या नखांत लोकर अडकायची आणि ओढली की रक्त यायचं. बलभीम एकदा म्हणाला, "ह्या खटाटोपात जेवढं राबलीस तेवढ्यात चार ब्लँकेटं आली असती." तिनं त्याच्यासमोरचं ताट उचललं. तो अजून जेवत होता.

महालिंगप्पानं सुताच्या गुंड्या दोनदा परत पाठवल्या. तिसऱ्यांदा सगळं सूत ठेवून घेतलं. खड्ड्यातले कांदे निघाले. पोरांनी कुरकुर केली. त्यानं उभ्या सुताचा ताणा अंगणात ताणला, चिंचोके भिजवून शिजवून खळ केली आणि कुंच्यानं सुतावर चोपडली. सहा दिवस म्हातारा कमरेपर्यंत खड्ड्यात उतरून विणत होता.

घोंगडं घरी आलं तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. सत्यभामानं ते खांद्यावर आणलं, मानेवर वजन घेऊन. तिनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं. नागूबाईनं गालाला लावून पाहिलं. "टोचतंय," ती म्हणाली आणि समाधानानं डोळे मिटले. त्या रात्री तिला घाम आला. सकाळी कोरड्या अंगानं ती घोंगड्यात बसली होती, आणि पुढचे आठ दिवस खोकला उतरत गेला.

नवव्या दिवशी गोरोबा आला. घोंगडं भिंतीवर उन्हाला टाकलं होतं. त्यानं त्याचा फोटो काढला आणि गेला. तासाभरानं आण्णासाहेब स्वतः आले.

"वैनी, परवा पाव्हणे येतेत आपल्या गावाला. पूरग्रस्तांची विचारपूस करायला. मोठी असामी हाय. सत्कार करायचाय घोंगडं आन् काठीनं. गोरोबा सगळा बाजार हिंडला, सगळा नकली माल. तुमचं अस्सल दिसतंय."

"हाय अस्सल."

"मंग द्या की. तुमच्याच कष्टाचं चीज हुईल."

"पाव्हणं किती वेळ थांबणार?"

"तासभर. का?"

"दुपारचं?"

"व्हय, दुपारचं."

"मंग दुपारच्या उन्हात त्यानला घोंगडं कशाला? माझी सासू त्याच्यात निजती."

आण्णासाहेबांनी बलभीमकडं पाहिलं. बलभीम दारात उभा होता. आण्णासाहेब त्याच्याशीच बोलले. "बलभीम, तुझ्या रानाचं काय करायचं? जेशीबी रिकामा हाय सोमवारी."

एवढं बोलून ते गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी सत्यभामा मेंढरं घेऊन माळावर गेली होती. दुपारी परत आली तर नागूबाई पोत्यावर बसली होती, लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांभोवती ओढून.

"घोंगडं कुठाय?"

म्हातारीनं पदर आणखी घट्ट ओढला.

"आत्याबाई, घोंगडं कुठाय?"

"माझ्या अंगावरनं काढलं त्यानं," नागूबाई म्हणाली. "म्हणला, माय, चार दिवसांत दुसरं आणतो. म्या घट्ट धरलं हुतं. त्यानं एकेक बोट सोडवलं."

सत्यभामानं मेंढरं वाड्यात लोटली, झाप लावला आणि निघाली.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. भाड्यानं आणलेल्या लाल खुर्च्या. गावातली पुरुष मंडळी पुढं, बाया मागं. बलभीम पुढच्या रांगेत होता. आयुष्यात पहिल्यांदा. सत्यभामा पोचली तेव्हा सत्कार चालू होता. आण्णासाहेबांनी पाहुण्यांच्या खांद्यावर घोंगडं घातलं, हातात काठी दिली. टाळ्या झाल्या. फोटो झाले. पाहुण्यांनी मान वाकडी केली, कॉलरमध्ये बोट घालून खाजवलं आणि घोंगडं मागच्या माणसाकडं दिलं. त्या माणसानं ते व्यासपीठामागं नेलं आणि पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांवर टाकलं. सगळं मिळून दोन मिनिटं.

सत्यभामा मंडपाच्या कडेनं मागं गेली. घोंगड्यावर कुणीतरी अर्धी बाटली सांडली होती. तिनं ते झटकलं, घडी घातली, खांद्यावर घेतलं.

"ए, ए! वैनी!" गोरोबानं दुसरं टोक पकडलं. "ठिवा ते खाली. गाडीत टाकायचंय."

"सोड."

"पाव्हण्याला दिलंय ते. सत्काराचं हाय."

"कुणी दिलं?"

"तुमच्या मालकानं दिलं. सोडा म्हणतो ना!"

त्यानं हिसका दिला. तिनं टाच रोवली आणि आपलं टोक मनगटाला गुंडाळलं. तो तरणाताठा गडी, पण ती दीड महिना गोटे उचलत होती. घोंगडं दोघांमध्ये ताणलं गेलं, दोरखंडासारखं. एक सूत तुटलं नाही. पुढं माइकवर आण्णासाहेब गावाच्या एकीबद्दल बोलत होते. त्यांनी वळून पाहिलं, त्यांचं वाक्य अडखळलं. मागच्या बाया उठून उभ्या राहिल्या. हापशावरची ती बाई मोठ्यानं म्हणाली, "आरं, तिचं हाय ते! तिनं काढलंय सूत. आमी बघितलंय."

"आमी बी बघितलंय," आणखी कुणीतरी म्हणालं.

पाहुण्यांनी आण्णासाहेबांना काहीतरी विचारलं. आण्णासाहेब माइकवर हात ठेवून हसले आणि गोरोबाकडं न बघता हात हलवला. गोरोबानं टोक सोडलं. सोडताना पुटपुटला, "भिकारडी."

सत्यभामा चार पावलं परत आली. त्याच्या तोंडासमोर उभी राहिली. "आमच्या दारात मागायला तू आलता," ती म्हणाली. "तुझा सायब आलता. म्या न्हवते आले."

मग ती मंडपाच्या मधल्या वाटेनं निघाली. बलभीमच्या खुर्चीपाशी थांबली नाही.

सोमवारी जेसीबी आला. बलभीमच्या रानाच्या डावीकडचं रान साफ झालं, उजवीकडचं झालं. बलभीम बांधावर उभा राहून ड्रायव्हरला हाका मारत होता. ड्रायव्हर म्हणाला, "मला सांगितलं न्हाय." दोन्हीकडं काळी माती उघडी पडली, मधे दीड एकर पांढरे गोटे तसेच राहिले.

घरी येऊन तो ओरडला. "एका घोंगड्यापायी रान घालवलंस माझं!"

"रान नदीनं घालवलं," सत्यभामा म्हणाली. "बाकीचं तुमी. मायच्या अंगावरचं काढून नेताना हात कसा धजला तुमचा?"

"तिच्यासाठीच करत हुतो ना! पिकलं आसतं तर..."

"बोटं सोडवली तुमी तिची. एकेक."

बलभीम भिंतीकडं तोंड करून बसला. त्या दिवसापासून घोंगड्यात नागूबाई आणि सत्यभामा निजायच्या, बलभीम पोतं पांघरायचा. एका पहाटे नागूबाईनं कड उचलून धरली, "ये रे, काकडलास," म्हणाली. सत्यभामानं ती कड तिच्या हातातून घेतली आणि परत खाली दाबली. "न्हाय आत्याबाई," ती म्हणाली. "आजून न्हाय."

म्हातारीनं हात घोंगड्यात ओढून घेतला.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला सगळा मुलूख रानात जेवायला जातो. कडब्याची खोपी करतात, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे नेतात, शेजाऱ्यापाजाऱ्याला हाका मारून जेवू घालतात. सत्यभामानं सगळं केलं. गोट्यांच्या रानात एका कोपऱ्यात तिनं घराएवढी जागा हातानं साफ केली होती, तिथं पाच धाटांची खोपी उभी केली. घोंगडं अंथरून नागूबाईला बसवलं. शेजारच्या रानांतून हसणं ऐकू येत होतं. त्यांच्याकडं कुणी आलं नाही. आण्णासाहेबांना राग येईल म्हणून आलं नसेल. फक्त हापशावरची बाई वाटीभर खीर घेऊन आली, घोंगड्यावर बसली, हात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "मला बी शिकीव. माझ्या दिराची मेंढरं हायेत."

"ये उद्या," सत्यभामा म्हणाली.

बलभीम एका गोट्यावर बसून जेवला. वारं सुटलं होतं. जेवून झाल्यावर तो हातातला आंबिलीचा मातीचा मोगा फिरवत राहिला.

"सत्यभामा," तो म्हणाला. "थंडी लई हाय गं."

ती उठली. जेवणाच्या टोपलीशेजारी उरलेल्या लोकरीचं पोतं होतं, दुपारी निवडायला म्हणून आणलेलं. ते तिनं ओढत नेलं आणि त्याच्या पायाशी ठेवलं. वर टकळी ठेवली.

"काढा सूत."

"म्या?" त्यानं शेजारच्या रानाकडं पाहिलं. तिथली माणसं बघत होती. "बायांचं काम हे. लोक काय म्हणतील?"

"मंडपात पुढच्या रांगेत बसला तवा लोक दिसले न्हाईत का?"

बलभीमनं मान खाली घातली. मग धोतर मांडीवर ओढून त्यानं टकळी उचलली. नागूबाई घोंगड्यावरनं बघत होती. त्यानं लोकरीचा पेळू जोडला, टकळी मांडीवर घासली आणि सोडली. सूत तुटलं, टकळी गोट्यांत पडली. शेजारच्या रानात कुणीतरी खदाखदा हसलं. त्यानं परत जोडलं. परत तुटलं.

"आंगठा सैल सोड," नागूबाई म्हणाली.

सत्यभामानं पदर खोचला, रिकामं घमेलं उचललं आणि गोट्यांकडं निघाली. येळवसेला रानात काम करत नाहीत. तिनं पहिला गोटा उचलला आणि बांधाच्या पलीकडं भिरकावला.